आभाळातला गुंठा

सकाळी अकराच्या सुमारास आमच्या मिलमध्ये पहिल्या पाळीचा चहा येतो. आत भट्टीत भंगार वितळत असते, रुळांमधून लालभडक सळई सळसळत बाहेर पडत असते, आणि बाहेर कडुलिंबाखाली आम्ही काचेचे ग्लास हातात घेऊन उभे असतो. जालन्याच्या एमआयडीसीतला हा रोजचा देखावा. असेच एकदा उभे असताना माझा पुतण्या आभाळाकडे बघत म्हणाला, "काका, आज त्याची तारीख आहे. आत्ताच गेला असंल आपल्यावरून."

"कोण रे?"

"उपग्रह. दर पाच दिवसांनी याच टायमाला येतो. आपल्या बागेचा फोटो काढून जातो."

मी वर पाहिले. मला एक घार तेवढी दिसली. तीस वर्षे स्टोअरची नोंदवही सांभाळलेला मी माणूस. कोणी काही परस्पर नेले म्हटले, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, पावती कुठे आहे? पुतण्याने खिशातून मोबाईल काढला आणि पावती माझ्यापुढे धरली.

त्यात आमचे गाव होते म्हणे. मला काही ते ओळखू येईना. शेते लाल, गावठाण निळसर करडे, पाझर तलाव काळाकुट्ट. "हे लाल काय आहे?" मी विचारले. "हिरवं ते इथं लाल दिसतं, काका," तो म्हणाला आणि पाळीची घंटा झाली म्हणून आत पळाला. माझे मात्र त्या लाल रंगापाशीच अडून राहिले. पुढचे कित्येक रविवार त्या चित्रामागे काय चालते ते समजून घेण्यात गेले. जे उमगले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे. हा नुसता फावल्या वेळचा खेळ असता तर लिहिले नसते. पण अशाच चित्रांतले आकडे आता तालुक्याचा दुष्काळ ठरवताना हिशेबात धरले जातात.

बाग आणि मिल

आधी थोडे घरचे सांगायला हवे. अंबड तालुक्यात आमची तीन एकर मोसंबी होती. वडिलांनी लावलेली, थोरल्या भावाने, अण्णांनी वाढवलेली. २०१२ साली पावसाने पाठ फिरवली. मराठवाड्यात त्या वर्षी ज्यांनी टँकरने बागा जगवायचा प्रयत्न केला, त्यांना त्या दिवसांची आठवण करून द्यायला नको. विहिरीने तळ दाखवला, मग बोअरने, मग पैशांनी. २०१३ च्या उन्हाळ्यात अण्णांनी स्वतः उभे राहून झाडे तोडून घेतली. लाकूड सरपणाच्या भावाने गेले. त्याच वर्षी पुतण्या आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन माझ्याकडे जालन्याला आला.

'जालना सोने का पालना' असे जुने लोक म्हणत. आजचा पाळणा लोखंडाचा आणि बियाण्यांचा. देशभरातून भंगार येते आणि सळई होऊन जाते. आणि १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच 'महिको' सुरू केल्यापासून बियाण्यांचा धंदा इथे रुजला. पण या एमआयडीसीत पाळीला येणाऱ्या कितीतरी जणांच्या मागे एखादी आटलेली विहीर आहे. पुतण्या त्यांतलाच. बाग तुटली तरी त्याचे लक्ष तिथून हलले नव्हते, हे मला त्या मोबाईलमुळे कळले.

एक ठिपका म्हणजे एक गुंठा

पुतण्या ज्याची वाट बघत होता तो उपग्रह युरोपचा, 'सेंटिनेल-२' नावाचा. एक नव्हे, जोडी आहे. पहिला २०१५ च्या जूनमध्ये उडाला, दुसरा २०१७ च्या मार्चमध्ये. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिसराही गेला. सुमारे ७८६ किलोमीटर उंचीवरून हे पृथ्वीला फेऱ्या घालतात आणि एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपत जातात. जोडी असल्यामुळे दर पाच दिवसांनी एका जागेवर नजर पडते. वेळही ठरलेली, आपल्याकडे सकाळी साडेदहा-अकराची. म्हणजे लागोपाठच्या खेपांत सावल्यांची लांबी जवळपास सारखी राहते आणि कालच्या चित्राशी आजचे ताडून पाहता येते.

हे चित्र ठिपक्यांचे असते. एकेक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे शंभर चौरस मीटर. आता आपला गुंठा आठवा. तो एकशे एक चौरस मीटरचा. म्हणजे युरोपातल्या शास्त्रज्ञांनी आपल्या मीटरच्या हिशेबाने पाडलेला ठिपका नेमका आपल्या सातबाऱ्यावरच्या गुंठ्याएवढा निघाला! एका एकराचे चाळीस गुंठे, तसे चाळीस ठिपके. हे कळल्यावर मला ते चित्र एकदम वाचता येऊ लागले. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचा ठिपका तीस मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांचा. आपल्या रिसोर्ससॅटच्या एका कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांचा, तर दुसऱ्याचा गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. ज्या कामाला जेवढा बारीक ठिपका लागेल तो निवडायचा. गुंठ्याच्या आतले मात्र या चित्रात दिसत नाही. त्यात झाड असो, बांध असो की बैलगाडी, सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो.

हा आकडा कसला? तर परत आलेल्या प्रकाशाचा. आपले डोळे लाल, हिरवा, निळा एवढेच ओळखतात. सेंटिनेलचा कॅमेरा प्रकाश तेरा चाळण्यांतून गाळतो. त्यांतली एक चाळणी आपल्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची. निरोगी पान लाल प्रकाश स्वतःच्या अन्नासाठी पिऊन टाकते आणि हा अवरक्त प्रकाश जवळजवळ निम्मा परत फेकते. पान आजारी पडले, तहानले, की हे गणित बिघडते, आणि बऱ्याचदा ते डोळ्यांना पिवळे दिसण्याआधी बिघडते. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून नारळीच्या बागांचे अवरक्त फिल्मवर फोटो घेऊन रोगट झाडे वेगळी ओळखली होती. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात त्या नारळांपासून झाली असे मानतात.

न दिसणारा प्रकाश पडद्यावर दाखवायचा तर त्याला कुठला तरी दिसणारा रंग उसना द्यावा लागतो. त्याला लाल रंग देण्याची पद्धत पडली आहे. म्हणून आमच्या गावाचे हिरवे शिवार मोबाईलवर लाल दिसत होते.

मागाल तेवढेच वाढणारे स्वयंपाकघर

आता हे चित्र आभाळातून पुतण्याच्या खिशात येते कसे? मला वाटायचे, कुठेतरी फोटोंचा ढीग असेल आणि त्यातला एक काढून देत असतील. तसे नाही.

उपग्रहाने टिपलेले आकडे जमिनीवरच्या केंद्रात उतरतात. युरोपच्या उपग्रहांसाठी नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर, इटलीत मतेरा इथे अशी केंद्रे आहेत; आपल्या उपग्रहांसाठी हैदराबादजवळ शादनगरला. तिथून पुढे धुणेपुसणे चालते. कुठला ठिपका जमिनीवर नेमका कुठे बसतो ते पक्के करायचे, मधल्या हवेतल्या धुळीचा आणि बाष्पाचा परिणाम वजा करायचा, ढग कुठे आहेत त्याची खूण करायची. मग साऱ्या पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून ते साठवायचे. असा एक तुकडा साधारण ११० किलोमीटर लांब-रुंद असतो. त्यात बारा कोटींहून अधिक ठिपके, म्हणजे आपल्या भाषेत बारा कोटी गुंठे.

प्रत्येक तुकड्याबरोबर एक नोंद जाते: जागा कुठली, तारीख कुठली, उपग्रह कुठला, ढग किती टक्के. जुन्या वाचनालयात पत्त्यांची लाकडी कपाटे असत ना, तसेच हे. आपण संकेतस्थळावर 'अंबड', 'मे महिना', 'ढग वीस टक्क्यांच्या आत' असे विचारतो तेव्हा संगणक चित्रे धुंडाळत नाही, आधी हे पत्ते चाळतो. म्हणून उत्तर क्षणात येते.

आणि सापडलेला आख्खा तुकडाही तो आपल्याकडे पाठवत नाही. पाठवला तर मोबाईल गुदमरून जाईल. नकाशाचे आधीच लहान चौकोन ठरवलेले असतात, प्रत्येक २५६ ठिपके लांब, २५६ रुंद. सर्वांत वरच्या पायरीवर आख्खी पृथ्वी एका चौकोनात बसते. एक पायरी उतरलो की चार चौकोन, आणखी एक उतरलो की सोळा. दहाव्या पायरीवर त्यांची संख्या १० लाख ४८ हजार ५७६ होते. पण आपल्या पडद्यावर मावतात दहा-वीस. तेवढेच मागवले जातात. बोटाने नकाशा सरकवला की पुढचे येतात. कधी चित्र आधी धूसर दिसून मग स्वच्छ होते, ते या चौकोनांच्या वाटेमुळे.

सर्वांत नवल वाटले ते पुढे. रंगीत चित्र तिथे तयार नसतेच. तिथे असतात नुसते आकडे, तेरा चाळण्यांचे तेरा थर. 'मला अवरक्त दाखवा' असे आपण म्हणालो की तेवढ्याच चौकोनांतल्या तेवढ्याच थरांचे आकडे काढून त्यांना रंग चढवला जातो. म्हणजे हे फोटोंचे दुकान नसून मागाल तेवढेच ताजे करून वाढणारे स्वयंपाकघर आहे.

याच स्वयंपाकघरात एक सोपा हिशेबही होतो. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे. हिरव्यागार पिकातून अवरक्त ४५ आणि लाल ५ परत आला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. उघड्या रानातून २५ आणि २० आला, तर ५ भागिले ४५, म्हणजे ०.११. याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. प्रत्येक गुंठ्याचा असा आकडा निघतो. शेताभोवती बोटाने कुंपण काढले, की तारखांप्रमाणे त्याचा चढउतार आलेखावर दिसतो. रुग्णालयात खाटेला अडकवलेला तापाचा तक्ता असतो, तसा.

हे पाहायला पैसे पडत नाहीत. युरोपचे 'कोपर्निकस ब्राउझर' आहे. आपल्या इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने केलेले 'भुवन' आहे. त्याचे उद्घाटन १२ ऑगस्ट २००९ रोजी तेव्हाचे पंतप्रधान कार्यालयातील राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते झाले. पुढे २०१२-१३ च्या दुष्काळात तेच आपले मुख्यमंत्री होते. नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्रही १९८८ पासून आहे. त्याच १९८८ च्या मार्चमध्ये आपला आयआरएस-१ए हा उपग्रह रशियन अग्निबाणातून बायकोनूरहून गेला होता. पण त्या काळी अशी चित्रे पाहणे म्हणजे कार्यालयांचे आणि तज्ज्ञांचे काम. लँडसॅटची चित्रे तर हजारो डॉलर मोजून घ्यावी लागत. २००८ मध्ये अमेरिकेने त्यांचा सगळा साठा मोफत केला, युरोपने सेंटिनेल पहिल्यापासून खुला ठेवला, आणि आपल्या २०२३ च्या अंतराळ धोरणानेही पाच मीटर आणि त्याहून जाड ठिपक्यांची माहिती खुली करण्याचे ठरवले. त्यामुळेच मिलमधल्या फिटरला आज चहाच्या वेळेत आपले रान बघता येते.

जुनी बाग शोधताना

एका रविवारी मी पुतण्याला म्हणालो, "आपली तुटलेली बाग दिसेल का रे यात?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी बघितली नाही कधी." आम्ही दोघे बसलो.

सेंटिनेल २०१५ चा, त्याच्याकडे काही असणार नव्हते. म्हणून लँडसॅट उघडला. त्याची परंपरा १९७२ पासूनची. पण २०१२ सालापाशी आलो आणि चित्रावर तिरक्या काळ्या पट्ट्याच पट्ट्या. मला वाटले, मोबाईल बिघडला. तसे नव्हते. लँडसॅट-७ च्या कॅमेऱ्यातला एक भाग ३१ मे २००३ रोजी कायमचा बंद पडला, तेव्हापासून प्रत्येक चित्रातला सुमारे पाचवा हिस्सा कोराच येई. जुना लँडसॅट-५ नोव्हेंबर २०११ मध्ये थकला आणि नवा लँडसॅट-८ फेब्रुवारी २०१३ मध्ये उडाला. मधल्या काळात त्या मालिकेत हा पट्ट्यांचा उपग्रह तेवढा राहिला होता. नेमका आमच्या दुष्काळाचा काळ!

तारखा मागेपुढे करत एका चित्रात बाग दोन पट्ट्यांच्या मध्ये सापडली. उन्हाळ्यात सगळे शिवार करडे असताना मोसंबी सदाहरित म्हणून लाल दिसते. नऊ-नऊ गुंठ्यांचे तेरा-चौदा ठिपके. एवढीशी आमची बाग. मग २०१३ च्या मे महिन्याचे लँडसॅट-८ चे स्वच्छ चित्र उघडले. त्यात तिथे लाल काही नव्हते. आजूबाजूच्या रानाचाच रंग.

पुतण्या बराच वेळ दोन्ही चित्रे आलटून पालटून बघत होता. "म्हणजे नोंद आहे," एवढेच म्हणाला. मी स्टोअरचा माणूस. नोंद असण्याने काय वाटते ते मला समजले. तोडलेली झाडे कुठल्या कागदावर नीट चढली असतील नसतील, पण कुणी विचारले तर दाखवता येईल अशी एक नोंद सापडली होती.

आणि असा विचारणारा आता आहे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसाबरोबर जमिनीतली ओल, धरणसाठे आणि उपग्रहावरून काढलेला हा वनस्पती निर्देशांकही धरला आहे. त्याच संहितेच्या आधारे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला; त्यात जालना जिल्ह्यातले तालुकेही होते. तेव्हा हा आकडा निघतो कसा आणि चुकतो कुठे, हे शेतकऱ्याच्या घरात माहीत असलेले बरे.

चुकतो कुठे?

पहिली अडचण ढगांची. ऐन खरिपात, जेव्हा पिकाकडे बघण्याची खरी गरज, तेव्हा हे कॅमेरे ढगांच्या पाठी मोजत बसतात. त्यावर उपाय रडारचा. ते स्वतःच्या लहरी सोडते आणि ढगांतून आरपार बघते. युरोपचा सेंटिनेल-१, आपला २०१२ चा रिसॅट-१ आणि २०२२ चा ईओएस-०४ या जातीचे. पण त्यांची चित्रे काळीपांढरी, रवाळ. ती वाचायला सराव लागतो.

दुसरी अडचण घाणेवाडीच्या तलावाने शिकवली. निजामाच्या काळातला हा तलाव जालन्याची तहान भागवत आला. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते, म्हणून चित्रात ते काळे उठून दिसते आणि तलाव किती पसरला आहे ते गुंठ्यागुंठ्याने मोजता येते. पण किती खोल आहे ते कळत नाही. खाली पाणी आहे की गाळ, ते वरून सांगणार कोण? जालन्याच्या लोकांनी या तलावातला गाळ काढायचे काम हाती घेतले. गाळ निघून तलाव खोल झाला, तरी काठोकाठ भरल्यावर वरून त्याचा पसारा जवळपास पूर्वीएवढाच दिसणार.

तिसरी अडचण अण्णांनी सांगितली. २०१७ साली त्यांनी पुन्हा एक एकर मोसंबी लावली, ठिबकवर. बाहेरगावच्या मुलाने हे चाळीस ठिपके रोपाएवढे असल्यापासून पाहिले आहेत. एका पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी ढग फाटले आणि आकडा एकदम वर गेलेला दिसला. पुतण्याने आनंदाने फोन लावला. "अण्णा, बाग काय जोरात आलीय!"

पलीकडून अण्णांचे हसू मलासुद्धा ऐकू आले. "अरे बाग कुठली? गवत हाय ते. पाऊस लागून राहिला, मजूर मिळंना. कंबरेएवढं झालंय. एवढं दिसलंच हाय तर खुरपं घेऊन ये."

गवत काय आणि मोसंबी काय, अवरक्त दोघेही परत फेकतात. शासनाच्या कागदांत एक शब्द आहे, सत्यमापन. उपग्रहाने दाखवलेले प्रत्यक्ष रानात जाऊन तपासणे. दुष्काळ ठरवतानाही ही पायरी ठेवलेली आहे. अण्णांनी ती फोनवर अर्ध्या मिनिटात उरकली.

त्यावरून आम्ही त्या मोबाईलला मोडीत काढले असे मात्र नाही. पुढच्या एका उन्हाळ्यात पुतण्याला बागेच्या खालच्या कोपऱ्यातले सहा ठिपके बाकीच्यांपेक्षा फिके दिसले. या वेळी तो फोनवर सावधपणे बोलला. "अण्णा, खालच्या अंगाला जरा जाऊन बघता का? काय आहे ते तुम्हीच सांगा." अण्णा गेले. त्या ओळींच्या ठिबकच्या तोट्या क्षाराने बुजल्या होत्या. झाडे अजून हिरवी दिसत होती, पण बुडाशी ओल नव्हती. तोट्या साफ केल्या. तीन आठवड्यांनी ते सहा गुंठे बाकीच्यांबरोबर आले.

आता घरात एक रीत पडली आहे. चित्र आले की पुतण्या कुठे बघायचे ते कळवतो, आणि तिथे काय आहे ते अण्णा कळवतात. दोघांच्या नोंदी एका वहीत उतरवायचे काम माझ्याकडे आहे. तारीख, आकडा, आणि पुढे अण्णांचा शेरा. 'गवत.' 'तोट्या.' 'काही नाही, ढगाची सावली.' त्या सगळ्या शेऱ्यांत मला आवडणारा एकच आहे. २०२२ सालचा, दोन शब्दांचा: 'फळ धरले.'

परवा पुतण्याने साप्ताहिक सुट्टीला जोडून दोन दिवसांची रजा टाकली. खुरपणीला चालला होता. निघताना त्याने तारीख पाहिली आणि मला म्हणाला, "काका, उद्या अकराला तो येणार. मी रानातच असंन."

"मग चित्रात दिसशील का?" मी विचारले.

"कुठलं, काका! मी काही गुंठाभर नाही."